क्राकूवचे मरियामंदिर : दोन बुरुजांखालचा एक धर्मग्राम

पोलंडमधील क्राकूव या प्राचीन नगराच्या मुख्य चौकात उभ्या राहणाऱ्याला एक गोष्ट प्रथमदर्शनीच खटकते. चौक मोजूनमापून आखलेला आहे. त्याची प्रत्येक बाजू सुमारे दोनशे मीटर लांब आहे, रस्ते काटकोनात फुटलेले आहेत आणि घरांच्या ओळी सरळ आहेत. परंतु चौकाच्या एका कोपऱ्यात उभे असलेले मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचे चर्च या आखणीत बसत नाही. ते तिरके उभे आहे. त्याचे तोंड चौकाच्या कडेशी समांतर नाही, जणू कोणी ते घाईघाईने आणून तेथे ठेवले असावे.

खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. चर्च आधीचे आहे, चौक नंतरचा. बिशप ईवो ओद्रोवोंझ यांनी १२२१-२२ च्या सुमारास येथे धर्मग्राम स्थापन केला. तोवर धर्मग्रामाचे चर्च असलेले पवित्र त्रैक्याचे मंदिर त्यांनी नव्याने आलेल्या डोमिनिकन संघाच्या स्वाधीन केले आणि धर्मग्राम इकडे आणला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वेदी पूर्वेकडे ठेवून मंदिर बांधले गेले. पुढे १२५७ मध्ये नगराला माग्देबुर्गच्या कायद्यानुसार सनद मिळाली आणि आजचा चौक आखण्यात आला. आखणी करणाऱ्यांच्या दोरीला चर्च जुळत नव्हते. त्यांनी दोरी चर्चला वळसा घालून नेली. चर्च होते तेथेच राहिले.

या लेखात आम्ही प्रवासवर्णन लिहू इच्छीत नाही. क्राकूवची शोभा वर्णन करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. आम्हांस या चर्चचे परीक्षण करावयाचे आहे. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करताना आपण जसे विचारतो की लेखकाला काय म्हणावयाचे होते, ते त्याला साधले काय आणि नंतरच्या संपादकांनी त्यात काय घातले व काय गाळले, तसेच प्रश्न एका मंदिरालाही विचारता येतात. हे प्रश्न विचारण्यामागे आमचे एक खासगी कारणही आहे. ते आम्ही शेवटी सांगू, कारण ते सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हे चर्च कॅथेड्रल नव्हे. क्राकूवचे कॅथेड्रल वावेल टेकडीवर, राजवाड्याच्या शेजारी आहे. पोलंडच्या राजांचे राज्याभिषेक तेथे झाले आणि त्यांच्या कबरीही तेथेच आहेत. मरियामंदिर हे खाली नगरातील लोकांचे, म्हणजे व्यापाऱ्यांचे, कारागिरांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे धर्मग्राम-चर्च होय. ज्यांचा स्नानसंस्कार, विवाह आणि दफनविधी एकाच छताखाली व त्याच्या अंगणात होत असे, अशा सामान्य गृहस्थांनी ते उभारले. आज ज्याला मरियेचा चौक म्हणतात ती मंदिरालगतची मोकळी जागा म्हणजे जुने कबरस्थानच आहे. टेकडीवर राजा होता, खाली धर्मग्राम होता. या चर्चची प्रत्येक वीट समजून घेण्यास हा भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

पहिले मंदिर फार काळ टिकले नाही. १२४१ मध्ये मंगोल टोळ्यांनी क्राकूव जाळले, त्यात तेही उद्ध्वस्त झाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस नवी वास्तू उभी राहू लागली आणि १३२० च्या सुमारास तिचा अभिषेक झाला. पण आज आपण पाहतो ते रूप मुख्यत्वे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, राजा काझिमिर थोरला याच्या काळापासून घडत गेलेले आहे. वेदीकडील उंच, अरुंद आणि बहुकोनी टोकाचा गाभारा १३५५ ते १३६५ या दशकात बांधला गेला. त्यासाठी मिकोवाय व्येझिनेक या धनिक नागरिकाने द्रव्य पुरविले. शतक संपता संपता, १३९० नंतरच्या वर्षांत, मध्यदालन उंचावून दोन्ही बाजूंच्या दालनांहून वर काढण्यात आले, त्यामुळे छताजवळच्या खिडक्यांतून थेट प्रकाश आत उतरू लागला. पंधराव्या शतकात बाजूच्या दालनांना लागून लहान लहान कपेले जोडली गेली. ती कुटुंबांची आणि कारागीर-संघांची होती.

या बांधणीची पहिली गुणवत्ता तिच्या साहित्यात आहे. फ्रान्समधील गॉथिक चर्चची कल्पना आपल्या मनात असते ती कोरीव दगडाची, हवेत झेपावणाऱ्या तिरप्या कमानींची. येथे मुख्य साहित्य वीट आहे. दगड वापरला तो खिडक्यांच्या चौकटींना, कोपऱ्यांना आणि जेथे नक्षी अटळ होती तेथे. विटेत नाजूक कोरीवकाम साधत नाही, त्यामुळे या चर्चला बाहेरून फारसा दागिना नाही. भिंतीला टेकू देणारे जाड पिलपाये सरळ भिंतीलाच चिकटलेले आहेत. लांबून पाहता ही इमारत थोडी रुक्ष, थोडी कोठारासारखीही वाटते. आम्हांस हा दोष वाटत नाही. आपल्याजवळ जे साहित्य होते त्याच्याशी बांधणारे प्रामाणिक राहिले, त्यांनी विटेला दगडाचे सोंग घ्यावयास लावले नाही. सिमेंटवर संगमरवराचा रंग चढवण्याची हौस असलेल्या आमच्या पिढीने एवढे तरी या भिंतींपासून शिकावे.

आत पाऊल टाकताच मात्र रुक्षपणा मावळतो. मध्यदालन जमिनीपासून सुमारे अठ्ठावीस मीटर उंच आहे. रुंदीच्या मानाने ही उंची इतकी अधिक आहे की पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. तरीही नजर छतावर थांबत नाही, ती पुढे, वेदीकडे ओढली जाते. मध्यदालन आणि गाभारा यांच्यामध्ये उंचावर एक मोठा क्रूस टांगलेला आहे. त्या क्रूसाखालून पलीकडची वेदी दिसते. म्हणजे स्वर्गोन्नत मरियेपर्यंत जावयाचे तर नजरेलादेखील आधी क्रूसाखालून जावे लागते. वास्तुरचनेने सांगितलेले हे धर्मशिक्षण आहे.

आता दोन बुरुजांकडे वळू. चर्चच्या दर्शनी भागी दोन बुरूज आहेत आणि ते सारखे नाहीत. उत्तरेकडील बुरूज ऐंशी मीटरांहून उंच, दक्षिणेकडील एकोणसत्तर मीटरांचा. या असमानतेची एक दंतकथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. दोन भाऊ दोन बुरूज बांधीत होते, एकाने मत्सराने दुसऱ्याचा सुरीने खून केला आणि पश्चात्तापाने स्वतःचा अंत करून घेतला. ती सुरीसुद्धा चौकातील जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत टांगलेली दाखवतात. काइन आणि हाबेल यांची कथा ठाऊक असलेल्या मनाला ही गोष्ट पटकन भावते, परंतु खरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. उत्तरेकडील उंच बुरूज नगराचा होता. तेथे नगराचा पहारेकरी बसे. शत्रू, आग, पहाटे वेशी उघडण्याची वेळ आणि रात्री बंद करण्याची वेळ, हे सारे तो तुतारीने सांगे. दक्षिणेकडील ठेंगणा बुरूज धर्मग्रामाचा होता व त्यात घंटा होत्या. नगराने आपला बुरूज वाढविला, १४७८ मध्ये त्यावर टोकदार गॉथिक शिखर चढविले आणि १६६६ मध्ये त्याला सोनेरी मुकुट घातला. घंटांना तेवढ्या उंचीची गरज नव्हती.

आम्हांस हा तपशील मोलाचा वाटतो. प्रार्थनेला बोलावणारा बुरूज आणि आगीची सूचना देणारा बुरूज एकाच पायावर उभे राहिले, आणि धर्मग्रामाने आपल्याहून उंच बुरूज आपल्याच अंगावर सहन केला. आपले चर्च गावात सर्वांत उंच असावे, शेजारच्या धर्मग्रामाहून तरी उंच असावेच, अशी ईर्ष्या बाळगणाऱ्यांनी या ठेंगण्या बुरुजाकडे क्षणभर पाहावे.

त्या उंच बुरुजावरून आजही दर तासाला चारी दिशांना तुतारी वाजते. तिला तेथे 'हेय्नाव' म्हणतात. मूळ शब्द हंगेरियन भाषेतला आणि त्याचा अर्थ पहाट. तुतारी वाजविण्याचे काम अग्निशमन दलाचे जवान करतात. सूर मध्येच, जणू गळा दाबल्यासारखा, तुटतो. वाटाडे सांगतात की १२४१ मध्ये मंगोल चालून आले तेव्हा पहारेकऱ्याने तुतारी फुंकली आणि सूर पुरा होण्याआधीच त्याच्या घशात बाण घुसला. कथा हृद्य आहे. पण १२४१ मध्ये आजचा हा बुरूज नव्हता, कारण ते चर्च त्याच हल्ल्यात नष्ट झाले. तुतारीवाल्याला वेतन दिल्याची नोंद नगराच्या हिशेबात १३९२ मध्ये आढळते, आणि बाणाची कथा जगभर पसरली ती अमेरिकन लेखक एरिक केली यांच्या १९२८ सालच्या बालकादंबरीमुळे. श्रद्धाळू माणसाने दंतकथेवर रागावू नये, परंतु ती इतिहास म्हणून विकूही नये. तुटलेल्या सुराला अर्थ येण्यासाठी बाणाची आवश्यकता नाही. शेकडो वर्षे कोणीतरी जागे राहिले म्हणून बाकीचे निजू शकले, एवढा अर्थ त्याला पुरेसा आहे. १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोंते कासिनोच्या मठाच्या अवशेषांवर पोलिश सैनिकांनी हाच सूर वाजविला. देश हरवलेल्या माणसांनी तेव्हा आपल्या धर्मग्रामाचा आवाज सोबत नेला होता.

आणि आता वेदी. १४४२ च्या सुमारास गाभाऱ्याचे छत कोसळले आणि जुनी वेदी त्याखाली गेली. नागरिकांनी नवी वेदी करावयाचे ठरविले. १४७७ मध्ये न्युरेंबर्गहून फाइट श्टोस हा मूर्तिकार आपल्या नगराचे नागरिकत्व सोडून क्राकूवला आला. पोलिश लोक त्याला वित स्त्वोश म्हणतात. बारा वर्षे काम चालले आणि १४८९ मध्ये पूर्ण झाले. सुमारे तेरा मीटर उंच आणि अकरा मीटर रुंद अशी ही पंखांची वेदी आहे. मूर्ती लिंडनच्या लाकडाच्या आहेत आणि त्यांतील मोठ्या मूर्ती पुऱ्या वाढलेल्या माणसाहून कितीतरी उंच, पावणेतीन मीटरांच्या आसपास आहेत. लहानमोठ्या सुमारे दोनशे मूर्ती तीत आहेत. खर्च आला २८०८ फ्लोरिन. नगराच्या त्या काळच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी त्याची तुलना केली जाते. हा पैसा राजाने दिला नाही, नगरातील लोकांच्या देणग्यांतून आणि मृत्युपत्रांतून तो आला.

पंख मिटलेले असताना मरिया आणि येशू यांच्या जीवनातील बारा प्रसंग दिसतात. पंख उघडले की सोन्याच्या झळाळीत सहा प्रसंग समोर येतात. डावीकडे देवदूताचा निरोप, ख्रिस्तजन्म आणि ज्ञानी लोकांचे वंदन, उजवीकडे पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे आगमन. मध्यभागी मरियेची महानिद्रा आहे, तिच्या वर पुत्रासह तिचे स्वर्गोन्नयन आणि सर्वांत वर तिचा राज्याभिषेक. तळाशी इशायाच्या वंशाचा वृक्ष आहे. खालून वर वाचत गेले तर वचन, पूर्तता आणि गौरव असा क्रम लागतो. वाचता न येणाऱ्या माणसालाही तो कळला असेल.

मध्यभागाच्या मूर्तीत श्टोसने जे केले त्याविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. मरियेच्या मृत्यूचे चित्र काढताना जुने कलावंत तिला बहुधा शय्येवर निजलेली दाखवीत आणि प्रेषितांना भोवती उभे करीत. येथे शय्या नाही. मरिया प्रार्थना करता करता गुडघ्यांवर खचते आहे. हात सैल पडले आहेत, मान कलली आहे आणि एका प्रेषिताने तिला धरून ठेवले आहे. चेहरा तरुण आहे. त्यावर वेदना नाही, थकवा आहे. भोवतालच्या प्रेषितांचे चेहरे मात्र कोळ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे आहेत. हातांवर शिरा फुगलेल्या, कातडी सुरकुतलेली, नाकाडोळ्यांत आजारपणाच्या खुणा. विसाव्या शतकात एका त्वचारोगतज्ज्ञाने या मूर्तींवर कोणते रोग कोरलेले आहेत याचा अभ्यासच केला. एका प्रेषिताने बोटे एकमेकांत गुंतवून हात उंचावले आहेत. मरणघरात असे हात आम्ही अनेकदा पाहिले आहेत. काहींची नजर खाली मरियेकडे आहे, तर काहींची वर, जेथे तिचे स्वर्गोन्नयन होत आहे तिकडे वळली आहे.

आमच्या मते या वेदीचे सारे सामर्थ्य या दोन नजरांमध्ये आहे. ज्या घरी आई गेली त्या घरी धर्मगुरू म्हणून आम्ही जातो तेव्हा असेच दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एक खाली पाहून रडणारे, दुसरे वर पाहून सावरणारे. श्टोसने दोघांनाही एकाच खोलीत उभे केले आणि कोणालाही चूक ठरविले नाही. पोप बारावे पायस यांनी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत १९५० मध्ये श्रद्धेचे सत्य म्हणून घोषित केला. क्राकूवच्या धर्मग्रामाने ते सत्य साडेचारशे वर्षांपूर्वीच लाकडात पाहिले होते.

हा मूर्तिकार स्वतः संत नव्हता. १४९६ मध्ये तो न्युरेंबर्गला परतला. तेथे एका व्यवहारात त्याची फसगत झाली. गेलेला पैसा परत मिळविण्यासाठी त्याने खोटा दस्तऐवज केला आणि १५०३ मध्ये शिक्षा म्हणून त्याच्या दोन्ही गालांना तापलेल्या सळईने डाग देण्यात आले. मरियेचा चेहरा घडविणाऱ्या माणसाने आपला चेहरा असा मिरवीत उरलेली तीस वर्षे काढली. हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. परमेश्वर अपात्र हातांतूनही काम करून घेतो, हे वेदीपुढे रोज उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना चांगले ठाऊक असते.

या माणसाचे राष्ट्रीयत्व कोणते, यावरून पुढे फार रक्त आटविले गेले. तो जर्मन की पोलिश? त्या काळच्या क्राकूवमधील धनिक नागरिक बहुतांशी जर्मन बोलत. मरियामंदिरातील मुख्य प्रवचनही जर्मन भाषेत होई आणि पोलिश लोकांसाठी प्रवचन शेजारच्या संत बार्बाराच्या लहान चर्चमध्ये होत असे. १५३७ मध्ये राजा झिग्मुंट पहिला याच्या आज्ञेने ही व्यवस्था उलटी झाली. पोलिश प्रवचन मोठ्या चर्चमध्ये आले, जर्मन प्रवचन लहान चर्चमध्ये गेले. दोन इमारतींमधील अंतर काही पावलांचेच आहे, पण ती पावले ओलांडण्यास लोकभाषेला तीन शतके लागली. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजानंतर ज्यांच्या घरात मराठी मिस्सा प्रथमच ऐकली गेली, त्या आमच्या वाचकांना या काही पावलांची किंमत वेगळी सांगावयास नको. मात्र येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. वेदी बदलली नाही. जर्मन भाषकांनी पैसा दिलेल्या त्याच मरियेपुढे पोलिश भाषकांनी गुडघे टेकले आणि कोणीही ती परक्याची म्हणून उतरवून ठेवली नाही.

ते पुढे झाले, आणि परक्यांच्या हातून झाले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये युद्ध दाराशी आले तेव्हा वेदी सुटी करण्यात आली. मोठ्या मूर्ती पेट्यांत भरून विस्तुला नदीतून बोटीने सांदोम्येश येथे लपविण्यात आल्या. नाझी सैन्याने त्या शोधून काढल्या. श्टोस जर्मन, म्हणून त्याची कृती जर्मनीची, या न्यायाने वेदी जर्मनीत नेण्यात आली आणि न्युरेंबर्गच्या किल्ल्याखालील तळघरात ठेवण्यात आली. १९४५ मध्ये ती तेथे सापडली. कलेतिहासकार कारोल एस्ट्रायखेर यांच्या प्रयत्नाने १९४६ च्या एप्रिलअखेर ती क्राकूवला परतली, पण लगेच चर्चमध्ये आली नाही. दुरुस्ती झाली, वावेलवर प्रदर्शन झाले, आणि धर्मग्रामाला आपली वेदी पुन्हा मिळाली ती १९५७ मध्ये. म्हणजे अठरा वर्षे मध्यभागाच्या मूर्तींवाचून मिस्सा होत राहिली. ही वेदी तळघराच्या अंधारात होती तेव्हाच, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. १९४८ पर्यंत ती माणसे आपल्या मातीवर राहिली. आमच्या प्रांताचा आणि त्या देशाचा हा ऋणानुबंध थोड्यांनाच ठाऊक आहे. पुढे १९८६ च्या फेब्रुवारीत मुंबई, पुणे आणि गोवा येथे आपल्या लोकांनी ज्यांचे दर्शन घेतले ते पोप दुसरे जॉन पॉल हे पूर्वी याच क्राकूवचे आर्चबिशप होते.

आता नंतरच्या 'संपादकांचा' विचार करू. अठराव्या शतकाच्या मध्यास येथील मुख्य धर्मगुरू यात्सेक वोपात्स्की यांनी सारे अंतरंग बरोक शैलीत सजविले. इटालियन वास्तुकार फ्रान्चेस्को प्लाचिदी याने काम पाहिले. काळ्या संगमरवराच्या नव्या वेदी आल्या, त्यांत व्हेनिसचा चित्रकार पित्तोनी याची चित्रे आली आणि पश्चिमेच्या दाराला देवडी जोडली गेली. शंभराहून अधिक वर्षांनी वारे फिरले. बरोक हे भ्रष्ट आणि गॉथिक तेवढे शुद्ध, असे मत रूढ झाले. १८८० नंतरच्या दशकात वास्तुकार तादेउश स्त्रियेन्स्की याच्या हाताखाली पुष्कळसे बरोक काढून टाकण्यात आले. यान मातेय्को या पोलंडच्या थोर चित्रकाराने १८८९ ते १८९१ या काळात भिंती रंगविल्या. व्हिस्प्यान्स्की आणि मेहोफर हे त्याचे तरुण शिष्य पुढे स्वतःच मोठे झाले.

मातेय्कोच्या कामाविषयी आमचे मत संमिश्र आहे. निळ्या छतावर सोनेरी तारे, भिंतींवर मरियेच्या लितानीतील पदव्यांच्या पट्ट्या धरलेले देवदूत आणि त्यांच्याखाली कारागीर-संघांची बोधचिन्हे, ही कल्पना उत्तम आहे. लितानी म्हणणाऱ्या धर्मग्रामाला त्याने लितानीच्याच आत उभे केले आणि चर्च बांधणाऱ्या संघांना पुन्हा भिंतीवर जागा दिली. परंतु त्याला थांबावयाचे कळले नाही. हातभर जागाही त्याने मोकळी सोडली नाही. रंग इतके ठासून भरले आहेत की गाभाऱ्याच्या खिडक्यांतील चौदाव्या शतकाच्या रंगीत काचांकडे, ज्यांचा प्रकाश सौम्य आणि खोल आहे, पाहणाऱ्याचे लक्षच जात नाही. पारतंत्र्यातील देशाला आपली चिन्हे कोठेतरी लिहून ठेवावयाची होती, हे आम्ही समजू शकतो. पण प्रार्थनेला मौनाची भिंतही लागते.

त्याहून गंभीर आक्षेप 'शुद्धते'च्या कल्पनेवर आहे. बरोक काढून गॉथिक 'परत आणताना' एकोणिसाव्या शतकाने खरे गॉथिक आणले नाही, आपल्या मनातील गॉथिक आणले. आणि जे काढले ते कोणाचे तरी होते. शंभर वर्षे लोक त्या कोरीव कामापुढे गुडघे टेकत होते. सुदैवाने बाजूच्या वेदी बऱ्याच राहिल्या आणि प्लाचिदीची देवडीही राहिली. दक्षिणेच्या दालनात तर श्टोसने कोरलेला दगडी क्रूस बरोक वेदीत बसविलेला आहे. पंधराव्या शतकाचा ख्रिस्त अठराव्या शतकाच्या चौकटीत आहे आणि दोघांचे वाकडे आलेले नाही. संपूर्ण चर्चमध्ये आम्हांस हा कोपरा सर्वांत शहाणा वाटला.

याउलट २०१५ ते २०२१ या काळात वेदीचे जे जतनकार्य झाले त्याची रीत पाहावी. तज्ज्ञांनी मूर्तींवरचा शतकांचा मळ आणि नंतरच्या दुरुस्त्यांचे थर तपासून उतरविले, मूळ रंग जेथे सापडला तेथे तो उघडा केला, आणि आपला हात दिसू नये याची काळजी घेतली. काम करणाऱ्यांचा हा विनय आम्हांस अनुकरणीय वाटतो.

आम्ही काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील काही मंडळींसह तेथे गेलो. पर्यटकांना बाजूच्या दाराने तिकीट काढून आत सोडतात, प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना पश्चिमेचे मुख्य दार. दुपारी बाराला दहा मिनिटे असताना एक व्रतस्थ भगिनी लांब काठी घेऊन आली आणि तिने वेदीचे पंख उघडले. गर्दीत कुजबुज झाली, कॅमेरे वर झाले. आमच्यातील एकाने हळूच विचारले, "फादर, हे चर्च की म्युझियम?" उत्तर आमच्याजवळ तत्काळ नव्हते. मग मुख्य दाराच्या बाजूला पाहिले. बाजाराची पिशवी पायाशी ठेवून एक बाई बाकावर बसली होती. तिने वर पाहिलेही नाही, तिच्या ओठांवर माळ चालू होती. आम्ही त्यांना म्हटले, "त्या बाई जोवर येताहेत तोवर चर्च."

आमच्या गटातल्या एक वृद्ध मावशी मात्र उघडलेल्या वेदीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "फादर, आपला जुना आल्तार पण लाकडाचाच होता ना? त्याचं काय केलंत हो तुम्ही?"

हेच ते कारण, जे शेवटी सांगण्याचे आम्ही कबूल केले होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी, नव्याने दीक्षा झालेली असताना, एका जुन्या चर्चच्या नूतनीकरणाची जबाबदारी आमच्याकडे आली. तेथे लाकडी आल्तार होता. वाळवी लागलेली, सोन्याचा वर्ख काळवंडलेला. सेमिनरीत आम्ही उपासनेचे नूतनीकरण शिकलो होतो आणि व्हॅटिकन परिषदेने लोकाभिमुख वेदी आणली म्हणजे मागचे सारे काढावे, असा आम्ही सोयीस्कर अर्थ काढला होता. परिषदेने तसे कोठेही म्हटलेले नाही. कोणाही जाणकाराला न विचारता आम्ही तो आल्तार काढविला. काही मूर्ती घरोघरी गेल्या आणि उरलेले लाकूड कोठे गेले ते आम्ही विचारले नाही. त्या जागी गुळगुळीत फरशी आली. उद्घाटनाच्या दिवशी सर्वांनी कौतुक केले. फक्त मावशींनी तेव्हा काही म्हटले नव्हते, आणि त्यांनी हा प्रश्न क्राकूवच्या चौकात विचारला. आम्ही "चूक झाली, मावशी," एवढेच म्हणू शकलो.

म्हणून या परीक्षणाचा निष्कर्ष आम्ही इतरांवर लादीत नाही, आधी स्वतःला ऐकवितो. क्राकूवचे मरियामंदिर थोर आहे ते एका शैलीच्या पूर्णत्वामुळे नव्हे. त्याची शैली पूर्ण नाही. बुरूज असमान आहेत, देवडी दुसऱ्या युगाची, भिंती तिसऱ्या युगाच्या, आणि सारे मंदिर चौकाला तिरके. ते थोर आहे ते आठशे वर्षे एका धर्मग्रामाने ते सोडून दिले नाही म्हणून. छत पडले तेव्हा त्यांनी वेदी केली, भाषा बदलली तेव्हा वेदी ठेवली, आणि वेदी हरवली तेव्हा तिची वाट पाहिली. ज्या पिढ्यांनी घाईने काढले त्यांच्या चुका भिंतीवर दिसतात, आणि ज्यांनी ठेवले त्यांचे ऋणही.

वाचकहो, आपल्याही धर्मग्रामांत जुनी चर्चमंदिरे आहेत आणि ती लहान पडतात, गळतात, हे आम्ही जाणतो. काही ठिकाणी नवे बांधावेच लागेल. परंतु निर्णय घेण्यापूर्वी एक रविवार मिस्सेनंतर थांबावे आणि धर्मग्रामातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे की या भिंतीत त्याच्या आठवणीतले काय काय आहे. वास्तुकाराला नंतर बोलवावे. आम्ही त्या वेळी असे केले असते, तर मावशींना तो प्रश्न विचारावा लागला नसता.